रोमेलचा कॅमेरा अजून चालू आहे

तो फोटो तुम्ही पाहिलाय. नेमका कुठला हे सांगायचीही गरज नाही, कारण त्या जातीचे शेकडो फोटो आहेत आणि सगळे एकमेकांसारखेच दिसतात. ब्लॅक अँड व्हाइट, जरा खरखरीत. मोकळं माळरान, नाहीतर वाळवंट. रणगाड्यांची रांग क्षितिजाकडे निघालेली, मागे धुळीचा लोट. जवळच्या रणगाड्याच्या झाकणातून कमरेपर्यंत बाहेर आलेला एकजण, गळ्यात दुर्बीण, कानांवर हेडफोन. खाली लिहिलेलं असतं : जर्मन पॅन्झर डिव्हिजनची आगेकूच, फ्रान्स, १९४०. किंवा उत्तर आफ्रिका, १९४२. रील असेल तर त्यावर छाती धडधडवणारा बेस. आणि कमेंटमध्ये आगीचे इमोजी, 'काय डिसिप्लिन होती यार', 'माणूस चुकीच्या बाजूला होता, पण जिनियस होता'.

हा 'माणूस' म्हणजे बहुतेक वेळा एर्विन रोमेल. आमच्या टीममधल्या एकाच्या लॅपटॉपवर वॉलपेपर म्हणून तोच आहे. विचारलं तर म्हणतो, मला राजकारणात इंटरेस्ट नाही, मला मशीन आवडतं.

माझं म्हणणं सरळ आहे. हा फोटो म्हणजे जाहिरात आहे. ती कुणी काढली, कुठल्या खात्यानं वाटली, कशासाठी वाटली, याच्या नोंदी आहेत. ते खातं १९४५ साली बंद पडलं, पण त्याचं वाटपाचं काम आपण फुकटात चालू ठेवलंय. आणि 'मला फक्त मशीन आवडतं' ही सबब तर अजिबातच चालणार नाही, कारण ते मशीन कसं चालत होतं हेच या फोटोत दिसत नाही.

सुरुवात 'आगेकूच' या शब्दापासून करू. स्थिर फोटोत वेग नसतो. मोशन ब्लर असलाच तर थोडा अंदाज येतो, बाकी सगळा वेग कॅप्शनमध्ये असतो. रस्त्यावर एकामागे एक उभी असलेली शंभर वाहनं चालू आहेत की अडकलेली, हे फोटो सांगू शकत नाही. हिंजवडी फेज थ्रीहून संध्याकाळी साडेसहाला निघालेल्या बसच्या रांगेचा ड्रोन फोटो घ्या, काळा-पांढरा करा आणि खाली 'बसताफ्याची आगेकूच' असं लिहा. भव्य दिसेल. वाकडला कधी पोहोचणार ते आतल्यांना विचारा.

हा विनोद नाही. मे १९४० मध्ये फ्रान्सवर जो निर्णायक घाव बसला, तो बेल्जियम-लक्झेंबर्गमधल्या आर्डेन्सच्या जंगलातून. जनरल क्लाइस्टच्या पॅन्झर गटाची ४१ हजारांवर वाहनं चार रस्त्यांवरून सोडली होती. कार्ल-हाइन्त्स फ्रीझर या जर्मन लष्करी इतिहासकारानं १९९५ साली 'ब्लिट्झक्रीग' या दंतकथेवरच पुस्तक लिहिलं. त्यात या कोंडीचा हिशोब आहे. रांगेचं शेपूट ऱ्हाइन नदीपर्यंत, म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटर मागे. युरोपनं तोवर पाहिलेली ही सगळ्यात मोठी वाहतूक कोंडी. वरून बॉम्ब पडले असते तर इतिहास वेगळा झाला असता. फ्रेंच टेहळणी विमानांनी ती रांग पाहिली होती, कळवलीही होती. वरच्यांनी विश्वास ठेवला नाही. जर्मन सैन्याची कर्तबगारी होती, नाही असं नाही. पण त्या आठवड्यातला सर्वात मोठा हातभार समोरच्या कार्यालयातल्या आळसाचा होता, आणि तो कुठल्याच फोटोत येत नाही.

हे जुनं उदाहरण वाटत असेल तर फेब्रुवारी २०२२ आठवा. कीवच्या उत्तरेला रशियन ताफा, मॅक्सार कंपनीचे उपग्रह फोटो, लांबी सुमारे ६४ किलोमीटर. जगभरच्या बातम्यांनी त्याला कीववर चाल करून येणारा अजगर ठरवलं. प्रत्यक्षात तो अडकला होता. इंधन नाही, अन्न नाही, टायर धड नाहीत, पुढचे पूल तुटलेले, आणि बाजूच्या झाडीतून युक्रेनी तुकड्या टिपून काढतायत. काही आठवड्यांत ते सगळं मागे फिरलं. फोटो तोच होता. एका दिवशी तो पराक्रमाचा पुरावा होता, पुढे ट्रॅफिक जॅमचा झाला. पिक्सेल एकही बदलला नव्हता.

आता फ्रेमच्या बाहेर काय होतं ते बघू, कारण मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो. १९४० सालचं जर्मन सैन्य हे मोटारींचं सैन्य नव्हतंच. फ्रीझरच्याच मांडणीनुसार १५७ डिव्हिजन्सपैकी पूर्णपणे मोटारीवर चालणाऱ्या होत्या १६. त्यांत पॅन्झर डिव्हिजन्स दहा. उरलेलं सैन्य पायी चालत होतं आणि त्याचं सामान, तोफा, भाकरी, दारूगोळा घोडे ओढत होते. एका जर्मन पायदळ डिव्हिजनकडे साधारण पाच हजार घोडे असत. पुढच्या वर्षी सोव्हिएत रशियावर हल्ला केला तेव्हा साडेतीन हजारांच्या आसपास रणगाडे होते आणि सहा लाखांहून जास्त घोडे. परत वाचा : सहा लाख. घोड्यांना चारा लागतो, नाल लागतात, पशुवैद्य लागतात. रशियाच्या चिखलात आणि थंडीत ते हजारोंनी मेले. जगातल्या सर्वात 'आधुनिक' सैन्याचा पुरवठा नेपोलियनच्या सैन्यासारखाच चालला होता.

आणि समोरचं ब्रिटिश सैन्य? ते जवळजवळ पूर्ण मोटारीवर गेलं होतं. इतकं, की फ्रान्समधल्या हिवाळ्यात चिखल आणि बर्फ झाल्यावर त्यांना जनावरांची गरज पडली आणि घरात एकही धड तुकडी शिल्लक नव्हती. मग त्यांनी हिंदुस्थानातून मागवली. डिसेंबर १९३९ मध्ये रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या खेचर कंपन्या मार्सेय बंदरात उतरल्या. त्यांतले बरेचसे पंजाबी मुसलमान जवान पुढे डंकर्कच्या किनाऱ्यावरून निघाले, आणि एक कंपनी जर्मनांच्या हाती लागली. म्हणजे १९४० च्या फ्रान्सचं खरं चित्र काढायचं तर यंत्रांच्या एका बाजूला लाखो जर्मन घोडे आणि दुसऱ्या बाजूला पंजाबातली खेचरं काढावी लागतील. त्याची रील होत नाही. खेचराला बेस लावता येत नाही.

तंत्रज्ञानाबद्दलच बोलायचं तर तेही बोलू. जर्मन रणगाडे फ्रेंच रणगाड्यांपेक्षा सरस होते का? बहुतेक नव्हते. फ्रान्सचा शार बी-१ चिलखतानं आणि तोफेनं जड होता, आणि दोस्तांकडे एकूण रणगाडेही जास्त होते. रोमेलच्या सातव्या पॅन्झर डिव्हिजनमध्ये निम्म्याच्या आसपास रणगाडे तर जर्मन बनावटीचे नव्हतेच, ते होते प्रागच्या कारखान्यातले चेक रणगाडे. १९३९ साली देश गिळला तेव्हा कारखान्यासकट मिळाले. जर्मनांनी एक गोष्ट बरोबर केली होती. त्यांच्या रणगाड्यांमध्ये रेडिओ होते. फ्रेंचांच्या कित्येक रणगाड्यांत नव्हते, आणि जिथे होते तिथे वापरायची सवय नव्हती. जर्मन पॅन्झर दलाची बांधणी करणारा गुडेरियान पहिल्या महायुद्धात सिग्नल अधिकारी होता, हा योगायोग नाही. त्याचा मे १९४० मधला एक फोटो आहे. चिलखती गाडीत तो उभा, आणि खाली सैनिक एनिग्मा यंत्रावर बसलेले. त्या संपूर्ण मोहिमेतलं इंजिनिअरिंग खऱ्या अर्थानं दाखवणारा फोटो शोधायचा तर तो हा. त्यात धूळ नाही, रांग नाही. पाहिलाय का कुणाच्या वॉलपेपरवर? नेटवर्किंगचं पोस्टर कोण लावणार.

म्हणून 'मला फक्त मशीन आवडतं' असं म्हणणाऱ्याला मी विचारतो, कुठलं मशीन? तुला आवडतो तो त्या मशीनचा बॉनेट.

आता हे फोटो काढले कुणी? जर्मन सैन्यात 'प्रोपगांडा कंपनी' नावाच्या तुकड्या होत्या. हे नाव मी चिकटवलेलं नाही, त्यांचं अधिकृत नावच ते : प्रोपागांडाकोम्पानी, पीके. गणवेशातले छायाचित्रकार, कॅमेरामन, पत्रकार. त्यांचं साहित्य सेन्सॉरकडून जाऊन गोबेल्सच्या खात्यामार्फत वृत्तपत्रांना, न्यूजरीलना आणि एप्रिल १९४० पासून 'सिग्नाल' या चकचकीत पाक्षिकाला मिळे. हे पाक्षिक वीसहून जास्त भाषांत निघायचं आणि जिंकलेल्या व तटस्थ देशांत खपायचं. त्याच्या पानांवर घोडे कमी आणि रणगाडे जास्त असणं साहजिक होतं. जाहिरातीत मालाची चांगली बाजूच दाखवतात. पाहणाऱ्याच्या मनात एकच गोष्ट ठसायला हवी होती, की हे थांबणार नाही, शरण या.

रोमेलला हे सगळ्यांपेक्षा लवकर कळलं होतं. १९३९ च्या पोलंड मोहिमेत तो हिटलरच्या मुख्यालयाच्या संरक्षण तुकडीचा प्रमुख होता. मूळचा पायदळाचा माणूस; फेब्रुवारी १९४० मध्ये त्याला थेट पॅन्झर डिव्हिजन मिळाली. त्याच्या हाताखाली अधिकारी म्हणून आला कार्ल हांके, गोबेल्सच्या मंत्रालयातला बडा माणूस. रोमेलकडे लायका कॅमेरा होता, तोही गोबेल्सनं दिलेला, असं त्याचे चरित्रकार सांगतात. मोहिमेत तो स्वतः फोटो काढत फिरायचा. पहिल्या महायुद्धातल्या अनुभवांवर त्याचं १९३७ साली आलेलं पुस्तक गाजलं होतं, पुढच्या पुस्तकाची तयारी चालली होती. आज ते फोटो अमेरिकेच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आणि लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहेत, आणि 'सातव्या पॅन्झरची आगेकूच' म्हणून जे फोटो फिरतात त्यांतले बरेच तिथूनच येतात. म्हणजे सेनापतीनं स्वतःच्या विजयाचा काढलेला फोटो. आजच्या भाषेत सांगायचं तर कंटेंट क्रिएटर.

इतकं करून भागलं नाही. ऑगस्ट १९४० मध्ये, फ्रान्स शरण येऊन महिना उलटून गेल्यावर, 'झीग इम वेस्टन' म्हणजे 'पश्चिमेतला विजय' या प्रचारपटासाठी सातव्या पॅन्झर डिव्हिजननं सोम नदी ओलांडायचा प्रसंग पुन्हा घडवून दाखवला. रोमेल त्यात उत्साहानं सामील होता. शत्रू पाहिजे होता, म्हणून युद्धकैद्यांच्या छावणीतून फ्रेंच वसाहतींच्या फौजेतले आफ्रिकी सैनिक आणले आणि कॅमेऱ्यासमोर त्यांच्याकडून पुन्हा शरणागती पत्करून घेतली. हात वर करून या. रोमेलनं बायकोला पत्रातून कळवलं, की त्या लोकांनाही मजा आली.

ही मजा कुणाला आली असेल ते समजून घ्यायला दोन महिने मागे जावं लागतं. जून १९४० च्या पहिल्या आठवड्यात याच सोम नदीच्या परिसरात फ्रेंच वसाहती पायदळाच्या रेजिमेंटी लढत होत्या : सेनेगल, माली, गिनी, गॅबनमधले जवान. ते चिवट लढले. आणि जिथे जिथे ते पकडले गेले, तिथे अनेकांना गोऱ्या फ्रेंच सैनिकांपासून वेगळं काढून गोळ्या घातल्या गेल्या. ७ जूनला एरेन गावात कॅप्टन शार्ल न्चोरेरे पकडला गेला. मूळचा गॅबनचा, पहिल्या महायुद्धापासूनचा सैनिक, कंपनीचा कमांडर. त्यानं सांगितलं की मी अधिकारी आहे, मला अधिकाऱ्यासारखं वागवा. जर्मनांनी त्याला तिथेच ठार केलं. राफाएल शेक या इतिहासकारानं २००६ च्या पुस्तकात अशा हत्यांच्या नोंदी गावागावांनुसार गोळा केल्या आहेत. शेजारच्याच हाँजे-स्युर-सोममधल्या हत्यांबद्दल तर त्याचा रोख सरळ सातव्या पॅन्झरच्या सैनिकांकडे आहे. जे वाचले ते छावणीत गेले. आणि मग ऑगस्टमध्ये एक दिवस ट्रक आला, त्यांना उतरवलं, समोर कॅमेरा, समोर तेच रणगाडे, आणि हुकूम : परत एकदा.

'आगेकूच' असं लिहिलेला कुठलाही सुंदर फोटो समोर आला की माझ्या डोक्यात हा दुसरा टेक येतो. तो फोटो जूनमधला आहे की ऑगस्टमधला? लढाईतला की शूटिंगमधला? तुमच्या फीडला याचं उत्तर माहीत नाही आणि त्याची त्याला पर्वाही नाही.

इथे आमच्या धंद्याचा संबंध येतो. डिसेंबर २००८ मध्ये जर्मनीच्या बुंडेसआर्काइव्हनं, म्हणजे त्यांच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं, ८० हजारांहून जास्त फोटो विकिमीडिया कॉमन्सला मोकळ्या परवान्याखाली दिले. त्यांत 'बिल्ड १०१' या क्रमांकाचे जे फोटो आहेत, तो प्रोपगांडा कंपन्यांचा संग्रह आहे. निर्णय चांगला होता, अभिलेख लोकांसाठीच असतात. त्यांनी प्रत्येक फोटोसोबत एक सूचनाही ठेवली, की मूळ कॅप्शन आम्ही दस्तावेज म्हणून जपलंय, ते चुकीचं, पक्षपाती किंवा राजकीयदृष्ट्या टोकाचं असू शकतं. प्रामाणिक लोक. पण ती सूचना पानावर आहे, फोटोत नाही. कुणीतरी फोटो डाउनलोड करतो. परवान्याची अट आहे की नाव द्या. तो देत नाही. पुढचा स्क्रीनशॉट घेतो, मेटाडेटा गेला. तिसरा क्रॉप करतो, कोपऱ्यातली घोडागाडी गेली. चौथा व्हॉट्सअॅपवर टाकतो, कॉम्प्रेशन. पाचवा ते धुरकट झालेलं एआय अपस्केलरमध्ये घालतो आणि 'फोर-के रिस्टोर्ड' म्हणून परत आणतो. या साखळीत कुणीही खोटं बोललेलं नाही. फक्त जिथे 'हे प्रचाराचं साहित्य आहे' असं लिहिलं होतं, तेवढा भाग पहिल्याच टप्प्यावर गळाला. साखळी आम्हीच बांधली. अपलोड करताना मेटाडेटा उडवणारी ओळ कुठल्या तरी माझ्यासारख्यानंच लिहिली आहे. कारण प्रायव्हसीचं होतं आणि ते योग्यही होतं. पण फोटोचं मूळ सोबत जाईल अशी सोय त्याच स्प्रिंटमध्ये करायला कुणाला वेळ नव्हता.

अपस्केलिंगबद्दल जरा थांबून. अस्पष्ट फोटो मोठा करून 'स्वच्छ' केला की त्यात जे तपशील दिसतात ते त्या दिवशीचे नसतात. मॉडेलनं हजारो इतर फोटोंवरून लावलेला तो अंदाज असतो. धुळीच्या ढगात काय होतं हे निगेटिव्हला माहीत नव्हतं, मॉडेलला तर नाहीच नाही. पण मॉडेल 'माहीत नाही' म्हणत नाही, ते तिथे एक गुळगुळीत रणगाडा बसवतं, रिव्हेट बसवतं, कमांडरला छान जबडा देतं. रंग भरणाऱ्यांचंही तेच. २०२१ साली कंबोडियातल्या तुओल स्लेंग तुरुंगात मारल्या गेलेल्या कैद्यांचे फोटो रंगवताना काही चेहऱ्यांवर चक्क हसू चढवलं गेलं होतं. ओरड झाल्यावर 'व्हाइस'ला लेख काढून टाकावा लागला. तिथे निदान लोक चिडले. रणगाड्याचा फोटो गुळगुळीत केला तर कोण चिडणार? पीकेच्या संपादकाला जे हवं होतं, म्हणजे आणखी चकाकी, आणखी दरारा, ते आपण ऐंशी वर्षांनी ग्राफिक्स कार्ड तापवून पुरवतोय.

यावर ठरलेलं उत्तर येतं. ठीक आहे, फ्रान्स, पोलंड, रशियात अत्याचार झाले असतील, पण आफ्रिकेतलं युद्ध सभ्य होतं. वाळवंटात नागरिक नव्हते. रोमेल नाझी नव्हता. ब्रिटिशसुद्धा त्याला मानायचे.

ब्रिटिश मानायचे हे खरं आहे, आणि त्याचं कारणही खरं आहे. सामान्य सेनापतीकडून वारंवार मार खाल्ला असं संसदेत सांगण्यापेक्षा असामान्य सेनापतीकडून खाल्ला असं सांगणं सोपं जातं. चर्चिलनं जानेवारी १९४२ मध्ये कॉमन्समध्ये उभं राहून रोमेलला मोठा सेनापती म्हटलं होतं. युद्धानंतर १९५० साली त्याचं जे गाजलेलं इंग्रजी चरित्र आलं, ते लिहिलं डेस्मंड यंगनं, आणि हा गृहस्थ हिंदी लष्करातला ब्रिगेडियर, आफ्रिकेत रोमेलच्या फौजेकडून पकडला गेलेला. पुढच्या वर्षी हॉलिवूडनं त्यावर 'द डेझर्ट फॉक्स' काढला, यंग त्यात स्वतःच्याच भूमिकेत दिसतो. तेव्हा शीतयुद्धासाठी पश्चिम जर्मनीचं सैन्य पुन्हा उभं करायचं होतं, आणि त्यासाठी एक स्वच्छ जर्मन सेनापती हवाच होता. वाळवंटातल्या सभ्यतेबद्दल इतकंच सांगतो. तोब्रुक पडल्यानंतर महिन्याभरात, जुलै १९४२ मध्ये, एसएसचा वॉल्टर राउफ तोब्रुकला येऊन गेला. गॅस व्हॅन, म्हणजे चालत्या गाडीच्या धुरानं माणसं मारायची यंत्रणा, उभी करण्यात याचा हात होता. त्याची तुकडी रोमेलच्या सैन्यामागून इजिप्त आणि पॅलेस्टाइनमध्ये शिरून तिथल्या ज्यूंचं काय करायचं ते करणार होती. एल अलामेनला आगेकूच थांबली म्हणून ते घडलं नाही. तीच आगेकूच, जिच्यावर आपण आगीचे इमोजी टाकतो.

आणि तोब्रुक. इथे मला मराठी वाचकाशीच बोलायचंय.

२० जून १९४२, पहाट. तोब्रुकच्या आग्नेय बाजूच्या संरक्षक फळीवर आधी विमानांमधून बॉम्बचा मारा झाला, मग तोफांचा, आणि मग पंधराव्या आणि एकविसाव्या पॅन्झर डिव्हिजनचे रणगाडे पुढे आले. रोमेलच्या कारकिर्दीतला हा सर्वात मोठा दिवस, याच विजयासाठी त्याला फिल्डमार्शल केलं. ज्या तुकडीवर तो मारा पडला, ती होती अकराव्या हिंदी ब्रिगेडची दुसरी बटालियन, फिफ्थ मराठा लाइट इन्फन्ट्री. बेळगावला शिकून गेलेली पोरं. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या घरांतली, कुणाच्या दारात दोन बिघे जमीन, कुणाच्या तीही नाही, म्हणून पलटणीत गेलेली.

त्यांच्यासमोर रणगाडे अडवायला खंदक होता, पण तो वाळूनं जागोजागी भरून गेला होता. सुरुंग होते, पण त्यातले बरेचसे गझालाच्या फळीसाठी आधीच उपसून नेले होते. वर्षभरापूर्वी याच तोब्रुकनं महिनोन् महिने वेढा सोसला होता, त्या आठवणीवर वरिष्ठ निर्धास्त होते. प्रॉडक्शनमधली व्यवस्था उतरवून दुसरीकडे लावायची आणि डॉक्युमेंटमध्ये जुनाच आराखडा ठेवायचा, हा प्रकार आमच्या धंद्यात रोज चालतो; तिथे फार तर सर्व्हर पडतो. इथे सकाळी साडेआठच्या सुमाराला रणगाडे खंदक ओलांडून आत आले आणि मराठ्यांची बटालियन तुडवली गेली. दुसऱ्या दिवशी, २१ जूनला, गढीचा दक्षिण आफ्रिकी कमांडर क्लॉपर यानं शरणागती दिली. ३० हजारांहून जास्त माणसं कैद झाली. त्याच ब्रिगेडमधली कॅमेरन हायलँडर्सची बटालियन शरणागतीचा हुकूम निघाल्यावरही पुढे एक दिवस लढत राहिली. रोमेलला हाती लागलं दोन हजार टनांच्या आसपास इंधन आणि सुमारे दोन हजार वाहनं. त्याच्या पुढच्या 'आगेकुची'चे ट्रक मोठ्या प्रमाणात ब्रिटिशांचेच होते. फोटो नीट बघा, बॉडी ओळखू येते.

मला शाळेत असताना यातलं काही कुणी सांगितलं नाही. मराठा लाइट इन्फन्ट्री म्हटलं की आपल्याला घोषणा माहीत असते, इटलीतले दोन व्हिक्टोरिया क्रॉस माहीत असतात, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव. ते असायलाच हवेत. पण हरलेल्या बटालियनीचा पुतळा उभा राहत नाही आणि रीलही होत नाही. परिणाम असा, की सातारा जिल्ह्यातला एकोणीस वर्षांचा मुलगा आज इन्स्टाग्रामवर त्या रणगाड्याच्या झाकणातून बाहेर बघतोय. गावातल्या कुणाच्या तरी पणजोबाकडे जी तोफ वळलेली होती, तिच्या मागच्या बाजूला उभा राहून. कॅमेरा तिथे होता ना, म्हणून. कॅमेरा नेहमी चाल करणाऱ्याच्या बाजूला असतो. खंदकात बसलेल्याच्या हातात रायफल असते, पाण्याची बाटली असते.

'मग काय फोटो बघायचेच नाहीत?' बघा. मी स्वतः तासन् तास बघतो. नगरला रणगाड्यांचं म्युझियम आहे, कॅव्हलरी टँक म्युझियम, तिथे जाऊन त्या लोखंडाला हात लावून या. रणगाडा आतून किती अरुंद आणि बाहेरून किती बोजड असतो ते कळेल, आणि उन्हात तापलेला असला तर आणखीच. मी बंदी मागत नाहीये. मी मागतोय ते पोस्ट करणाऱ्याकडून एक ओळ : फोटो कुणी काढला, कोणासाठी काढला. ती माहीत नसेल तर रिव्हर्स इमेज सर्चला अर्धा मिनिट लागतो. आणि जे माझ्यासारखे इमेज पाइपलाइनवर काम करतात त्यांच्याकडून एक फील्ड : मूळ. अपस्केल केलं असेल तर तसं लिहून. यात रॉकेट सायन्स काही नाही, तिकीट काढलं तर एका आठवड्याचं काम आहे. तिकीट कुणी काढत नाही, कारण त्यानं एंगेजमेंट वाढत नाही.

बाकी ज्यांना वाळवंटातला जून १९४२ पाहायचाच आहे, त्यांच्यासाठी दुसरी एक साइट आहे, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची. सर्चमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीचं नाव टाका, तारखेच्या रकान्यात जून १९४२ टाका, देश म्हणून लिबिया आणि इजिप्त निवडा. ज्यांचं दफन किंवा दहन कुठे झालं ते कळलंच नाही, त्यांची नावं एल अलामेनच्या स्मारकावर आहेत, भिंतीवर कोरलेली. साइट संथ चालते, डिझाइन जुनाट आहे, मराठी नावांचं स्पेलिंग ब्रिटिश कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं केलंय, त्यामुळे आडनाव दोन-तीन तऱ्हांनी शोधावं लागतं. फोटो नसतात. हुद्दा, नंबर, तारीख, आणि बऱ्याच नोंदींत पुढे बापाचं नाव आणि गाव.